गावपळण आणि भट्टी

गावपळणीच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास राजवाडे साहेबांचा चौथा फोन आला, तेव्हा मोबाइल सरळ खाडीत भिरकावून द्यावा असं केतकी धुरीच्या मनात आलं. ते काही पहिल्यांदाच येत होतं अशातला भाग नव्हता.

"मॅडम, एकच माणूस ठेवा," साहेब मुंबईहून विनवत होते. "एकच. कंट्रोल रूममध्ये बसून राहील. दिवा लावणार नाही, खोकणारसुद्धा नाही."

"साहेब, माणूस नसताना काय होतं हे बघायची चाचणी आहे. माणूस ठेवून ती कशी करायची?"

"कागदावर नसेलच ना तो!"

केतकीनं डोळे मिटले. मुणगवण्याच्या अणुभट्टीची ती प्रमुख अभियंता, कंपनीचे संचालक राजवाडे, आणि गेली सात वर्षं दोघांमध्ये हेच चाललं होतं. ती भौतिकशास्त्र सांगायची, ते पळवाट सांगायचे.

मुणगवणं मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या कडेला आहे. दर चार वर्षांनी मार्गशीर्षात देव रवळनाथाचा कौल झाला की अख्खं गाव वेस ओलांडून बाहेर पडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, सगळी. व्हाळापलीकडं, म्हणजे ओढ्याच्या पल्याड, माळावर नारळाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांच्या झोपड्या उभ्या राहतात आणि तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, माणसाचं पाऊल पडत नाही. का, असं विचारलं तर दहा जण दहा कारणं सांगतील. पण जायचं की नाही, यावर गावात कधी दुमत झालेलं नाही.

बारा वर्षांपूर्वी भट्टीचा प्रस्ताव आला तेव्हा ग्रामसभेत पहिला प्रश्न किरणोत्साराचा नव्हता, गावपळणीचा होता. आम्ही सगळे गेल्यावर ती एकटी राहील का? केतकी तेव्हा चौतिशीत होती, गावचीच मुलगी. ती माइकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही गेलात, आम्ही गेलो, वीज गेली, तरी भट्टी काही करणार नाही. आपली आपण थंड होईल. हा माझा शब्द." गावानं त्या शब्दावर हात वर केले.

भट्टी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच गावपळणीत कंपनीनं त्या शब्दाचा कचरा केला. केतकीला कल्पनाही न देता साहेबांनी सहा माणसं काळे पडदे लावून आत बसवली. त्यांतल्या एकाला दुसऱ्या दिवशी बांगडे तळायची हुक्की आली आणि वास वाऱ्याबरोबर थेट माळावर. रिकाम्या गावातून तळलेल्या बांगड्यांचा वास! त्यानंतर चार वर्षं केतकीनं गावात मान खाली घालून काढली. आता ठराव तयार होता. या खेपेला आत माणूस सापडला, किंवा भट्टीनं काही भलतंसलतं केलं, तर ग्रामसभा परवानगी मागं घेणार. सरकारच्या नियामकांनाही बहात्तर तासांची निर्मनुष्य चाचणी हवीच होती. देवाची मुदत आणि सरकारची मुदत तंतोतंत जुळली, तरी साहेबांना आपला एक माणूस हवाच होता.

"नाही," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

बरोबर बारा वाजता तिनं वीज तोडली. नियंत्रक सळ्या विद्युतचुंबकाला धरून लोंबकळत असतात. वीज गेली की चुंबक सुटतो आणि सळ्या स्वतःच्या वजनानं खाली पडतात. अणूंचं विभाजन तिथंच थांबतं. पण भट्टी विझली म्हणून गार होत नाही, हीच तर सगळी गोम. फुटलेल्या अणूंचे तुकडे नंतरही बरेच दिवस उष्णता टाकत राहतात, चूल विझवल्यावर निखारे धगधगत राहावेत तशी. जुन्या भट्ट्यांत ही उष्णता काढायला पंप लागायचे, पंपांना वीज लागायची आणि विजेच्या मागं माणूस लागायचा. यांतलं काही एक चुकलं की संपलं. मुणगवण्याच्या भट्टीत पंपच नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वर चढायचं, पाच लाख लिटरच्या टाकीला आपली उष्णता द्यायचं, गार होऊन खाली उतरायचं. टाकीच्या भोवती चार उंच हवेचे नळ होते. तळाच्या झरोक्यातून गार हवा आत यायची, टाकीची उष्णता घेऊन वरच्या तोंडातून निघून जायची. बटण नाही, झडप नाही, माणूस नाही.

आत जागं होतं ते फक्त बॅटरीवरचं एक खोकं. दर तासाला टाकीचं तापमान ते रेडिओवरून कळवायचं. बोलण्यापलीकडं त्याच्या हातून काही होण्यासारखं नव्हतं, आणि या एका बाबतीत ते राजवाडे साहेबांच्या तोडीचं होतं.

सगळ्यांत शेवटी सफाईचा महिला बचत गट बाहेर पडला. नियामक येतील तेव्हा फरशी चकचकीत हवी, हा साहेबांचाच हट्ट. गटाची प्रमुख होती सुगंधा धुरी, म्हणजे केतकीची आई, वय बहात्तर, कुणाचं ऐकून घ्यायची सवय नसलेली. केतकी पुढच्या फाटकापाशी साहेबांच्या पाचव्या फोनवर अडकली होती. बायका मागच्या बाजूनं आल्या, टेम्पोत बसल्या, आणि केतकीची इमारतीभोवती शेवटची फेरी मारायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माळावर जत्रेसारखा गलका होता. एकीकडं दशावताराची तालीम, एकीकडं वड्यांचा घाणा, मध्ये कुणाची तरी म्हैस सुटलेली. आणि धुरींच्या झोपडीत केतकी लॅपटॉपच्या पडद्याकडं बघत दात खात बसली होती. टाकी अडुसष्ट अंशांपर्यंत चढून आज सकाळी उतरायला लागायला हवी होती. नऊ वाजता ती सत्तरवर होती. आता चार वाजता शहात्तर, आणि अजून चढतच होती. नव्वदची रेघ ओलांडली की छतातून वाफ सोडली जाणार. स्फोट वगैरे काही नाही, पण आभाळात वाफ दिसली की नियमाप्रमाणे दोन किलोमीटरच्या आत महिनाभर कुणी पाय ठेवायचा नाही. नऊशे घरांची गावपळण तीन दिवसांवरून महिन्यावर जाणार होती, तीही तिनं शब्द दिलेला असताना.

त्यात पश्चिमेचं ऊन सरळ पडद्यावर येत होतं.

"आये, ह्या बाजूक झाप कित्याक नाय लावलंस? माका काय एक दिसना नाय."

"खयसून लावू? झाप कमी पडले," आई मागं न बघता म्हणाली. ती कोंबडीला दाणे टाकत होती. "आमचे झाप थय लागले."

"थय म्हणजे खय?"

"तुझ्या भट्टीर. झरोक्यांका."

केतकीचे हात जागच्या जागी थांबले.

"झरोक्यांका काय केलंस?"

"झाकलंय. काय केलंस म्हणान काय इचारतस? तीन दीस जागा सोडून जाताना झरोके कोण उघडे टाकता? मांजरा शिरतत, वटवागळा शिरतत, जनावर शिरता. घराचे झाकले, देवळाचे झाकले, मगे तुझी भट्टी तेवडी उघडी टाकू? सुंभान घट्ट बांदलंय. वाऱ्यान हलाचे नाय."

तिच्या आवाजात शाबासकीची अपेक्षा होती. मुणगवण्यात गावपळणीला निघताना घराचे झरोके झापांनी झाकायची रीतच होती. सुगंधाबाईंनी भट्टीला घरच्यासारखं वागवलं होतं, आणि त्यापायी ती गुदमरत होती.

"आये! थय एवडो मोठो बोर्ड लावलेलो आसा ना!"

"'वायू अंतर्ग्रहण मार्ग, अवरोध निषिद्ध,'" आईनं घडाघडा म्हणून दाखवलं. "दर शुक्रवारी पुसतंय मी तो. शिरा पडो त्या बोर्डार! मराठी काय ती? माका वाटला, कसलो मंत्र असात."

तो बोर्ड साहेबांनी मुंबईच्या कुठल्याशा एजन्सीकडून करून घेतला होता. केतकीनं तो सात वर्षं रोज पाहिला होता. हसावं, रडावं की कुणाचं तरी डोकं फोडावं हे तिला कळेना, तेवढ्यात फोन वाजला. साहेबच. त्यांच्याही पडद्यावर शहात्तरचा आकडा आला होता.

"मॅडम, काय चाललंय काय तिथं?"

"झरोके झाकले गेलेत. झापांनी."

"कशानी?"

"झापांनी, साहेब! नारळाच्या!" ती ओरडली. "किती ते विचारतेय. एक किंवा दोन असतील तर बसून राहायचं, उरलेले दोन पुरे पडतात. तीन किंवा चार असतील तर चाचणी तिथंच मोडायची आणि मी आत जाऊन ते काढायचे. नियमपुस्तकात स्वच्छ लिहिलंय." ती आईकडं वळली. "आये, किती झाकलंस?"

आईनं हातातले दाणे टाकले. तळवे पदराला पुसले.

"दोन," ती म्हणाली. "दर्याकडचे. बाकीच्यांका झाप पुराक नाय."

केतकीनं पडद्याकडं पाहून मनात हिशेब केला. दोन झरोके बंद धरले तर आकडे बरोबर जुळत होते. टाकी पंच्याऐंशीच्या आसपास जाऊन फिरायला हवी होती.

"दोनच आहेत," ती फोनवर म्हणाली. "आपण बसून राहू."

"बसून काय राहू? जा आणि सोडा ते! दहा मिनिटांचं काम. कोण बघतंय?"

"नऊशे घरं बघतायत, साहेब."

"मग गावाला सांगा, आणीबाणी आहे!"

"आणीबाणी नाहीये. माणूस नाही याचा अर्थ चूक निस्तरायलाही माणूस नाही. उद्या खरंच वादळ आलं, सगळे पळाले आणि जाताना कुणी दार चुकीचं लावून गेलं, तर कोण परत येणार आहे? ती चाचणी आपण आत्ता करतोय. फुकट मिळालीय, घ्या." तिनं फोन बंद केला, म्हणजे खरोखरच बंद केला. मग ती पुन्हा आकड्यांचा हिशेब करत बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला टाकी त्र्याऐंशीवर होती. अकराला साडेत्र्याऐंशी. बाराला चौऱ्याऐंशी. केतकी उठली आणि कुणाला काही न सांगता, लॅपटॉप काखेला मारून व्हाळाच्या दिशेनं चालू लागली. व्हाळ म्हणजे वेस. पलीकडं वीस मिनिटांवर भट्टी. कोयतीचे चार घाव घातले की काम झालं.

काठावर भाई घाडीगावकर बसले होते. रवळनाथाला कौल लावायचा मान त्यांचा, आणि गावपळणीत वेशीवर लक्ष ठेवायचं कामही त्यांचंच.

"खय चललंस, बाय?"

"खय नाय, भाई. बसलंय." ती खडकावर बसली. भाईंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, काय समजायचं ते समजले आणि तमाखू मळत दुसरीकडं बघू लागले.

मागोमाग आई आली. धापा टाकत शेजारी टेकली.

"जातलंस काय भितर?"

"नाय."

"मगे हय कित्याक बसलंस?"

केतकीचा बांध फुटला. "कारण माका भय वाटता, आये! नियम मियाच लिवलंय, हिशेब मियाच केलंय, आणि माका भय वाटता. सात वर्षांत दोन दिवसांच्या वर रजा घेतलंय कधी? नाय. कित्याक? त्या भट्टीक कोणाची गरज नाय म्हणान मिया जगाक सांगतंय, आणि माकाच ता खरा वाटणा नाय. उद्या गाव इचारतला, तुझो शब्द खय गेलो? काय सांगू?"

 आई म्हणाली, "ती थंड कशी होता, ता माका सांग."

आणि केतकीनं सांगितलं. चुलीवर पेजेचं भांडं ठेवलं की तळातलं तापलेलं पाणी कसं वर येतं, कडेनं गार पाणी कसं खाली जातं, तेच आत कसं होतं, आणि झरोक्यातली हवा शेवटी ती ऊब कशी बाहेर नेते. टाकी जितकी जास्त तापते तितकी हवा जास्त जोरानं ओढली जाते, म्हणजे अडचण वाढली की उपायही वाढतो, हेही सांगितलं. सांगायला दहा मिनिटं लागली. आई एकदाही मध्ये बोलली नाही, आणि हे केतकीच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

"म्हणजे झरोके तिचा नाक," आई म्हणाली. तिची नजर व्हाळापलीकडं गेली.

"हां."

एक वाजता चौऱ्याऐंशी पूर्णांक तीन. दोनला तेवढाच. केतकीनं नखं कुरतडून संपवली होती. तीनला आकडा आला, चौऱ्याऐंशी पूर्णांक एक.

"उतारली!" ती ओरडली. "आये, उतारली!"

आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि ती हमसून हमसून रडू लागली. केतकीला नवलच वाटलं. दोनच तर झाप होते. पण म्हातारीनं मनाला फारच लावून घेतलेलं दिसतंय, असं वाटून तिनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

चौथ्या दिवशी दुपारी बहात्तर तास भरले. देवानं कौल दिला, ढोल वाजले, गाव परत निघालं. व्हाळ ओलांडताना भाई घाडीगावकर चारचौघांत मोठ्यानं म्हणाले, "चेडवान शबुद पाळल्यान!" बायकांनी केतकीच्या गालांवरून बोटं मोडली. चार वर्षांनी तिनं गावात मान वर केली. मग आईला मोपेडवर मागं बसवून ती थेट भट्टीवर गेली.

दर्याच्या बाजूला दोन झाप होते. ताठ, घट्ट, सुंभाच्या गाठी नेटक्या. केतकी नोंद करायला इमारतीला वळसा घालून डोंगराकडच्या बाजूला गेली आणि जागीच उभी राहिली.

तिथंही दोन होते.

चार. चारही झाकले होते. झाप विणलेला असतो, फटींतून निम्मी-शिम्मी हवा जाते. चार अर्धे बंद म्हणजे दोन पूर्ण बंद, तापमानाच्या आकड्याला त्यातला फरक कळत नाही. पण खरोखर दोन उघडे असते तर ते काही झालं तरी उघडेच राहिले असते. चारही झापांच्या फटींत दवानं भिजलेला पाचोळा बसला असता तर हवेची वाट पूर्ण कोंडली असती. म्हणूनच तीन किंवा चार बंद असतील तर आत जायचा नियम होता. तो तिनं आईच्या देखत मोठमोठ्यानं सांगितला होता.

"तू खोटा बोललंस," केतकी म्हणाली. 

"बोललंय."

"नऊशे घरा, आये! नऊशे! कळता तुका काय केलंस ता?"

"तेवा कळाक नाय. व्हाळार तू सांगलंस, तेवा कळला." आई झरोक्यापाशी उकिडवी बसली होती, गाठ सोडवत. "चार म्हटला असता तर तू भितर गेली असतंस. मगे गाव म्हणाला असता, हिचोच हिच्या शब्दार इश्वास नाय. बारा वर्सा झाली, माजो इश्वास होतो. तुझोच न्हवतो, ता माका काय ठावक?"

"शब्दान पाणी थंड होणा नाय! मगे व्हाळार तरी सांगूचा होता!"

"तोंड उघडाक धीर झालो नाय." गाठ सुटली. झाप बाजूला होताच हवेचा झोत आत शिरला आणि आईच्या पदराचं टोक झरोक्याच्या जाळीकडं ओढलं गेलं. तिनं दचकून पदर आवरला. मग जाळीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. "सात वर्सा ही जाळी पुसतंय. ही वारो ओढता म्हणान माका वाटायचा, खयतरी पंखो असात. केतू, ता व्हाळार सांगलंस, ता माका आधी कित्याक नाय सांगलंस?"

   केतकीनं ते पत्रकारांना सांगितलं होतं, आमदारांना सांगितलं होतं, परदेशी पाहुण्यांना चित्रं काढून दाखवलं होतं. सकाळी एकाच मोपेडवरून दोघी कामाला यायच्या, एक वर कंट्रोल रूममध्ये जायची, एक खाली बादली घेऊन. आणि घरी आईनं कधी विचारलंच, तर ती म्हणायची, तुका नाय कळाचा ता.

ती उरलेल्या तीन झापांपैकी एकाची गाठ सोडवायला बसली. चारही झरोके मोकळे झाल्यावर कंट्रोल रूममध्ये जाऊन तिनं दिवे लावले आणि अहवाल उघडला.

साहेबांचा फोन आला. "अभिनंदन, मॅडम! दोन झरोके बंद, तरी चाचणी यशस्वी. झकास. कारण म्हणून 'वाऱ्यानं उडून आलेला पाचोळा' लिहून टाका, आणि तो बचत गट उद्यापासून बंद."

"चार होते," केतकी म्हणाली.

 त्यावर साहेब एकदम बोलू लागले. नियम, नियामक, पुन्हा चाचणी, आणखी चार वर्षं, तिची नोकरी, गाव काय म्हणेल. एकदाच त्यांचं सगळं खरं होतं. केतकीनं फोन टेबलावर पालथा ठेवला आणि त्यांना बोलू दिलं.

'बंद झरोक्यांची संख्या' या रकान्यात तिनं चार लिहिलं. चाचणीदरम्यान प्रमुख अभियंत्याला माहीत असलेली संख्या, दोन. खाली 'घटनेचं मूळ कारण' असा रकाना होता. तिथं तिनं 'सफाई कर्मचाऱ्यांच्या' एवढं लिहिलं, थांबली, आणि पुसून टाकलं. बाहेर आई अंगणात चारही झाप एकावर एक रचत होती.

मग केतकीनं लिहिलं, 'ही भट्टी थंड कशी होते, हे मी माझ्या आईला कधी सांगितलं नाही.' खाली सही केली, आणि साहेब बोलत असतानाच अहवाल नियामकांना पाठवून दिला.